एका गुणाचे सात वाटेकरी

१९५४ साली झालेल्या मोटार-शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा गुणतक्ता मोठा गमतीदार आहे. पहिल्या क्रमांकावर अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फान्जिओ. त्याचे गुण ४२. दुसरा त्याचाच देशबांधव होसे फ्रॉइलान गोन्सालेस; त्याचे गुण २५ पूर्णांक १/७. आणि तिसरा इंग्लंडचा माइक हॉथॉर्न. त्याचे गुण २४ पूर्णांक ९/१४.

बुद्धिबळातला अर्धा गुण आपल्या ओळखीचा असतो. पण शर्यतीच्या मैदानावर एकसप्तमांश गुण कोठून आला? आणि चौदा हा छेद कोणी आणला? ही छपाईतली चूक नव्हे. या अपूर्णांकांच्या मागे एक घड्याळ आहे, एक नियम आहे आणि नोंद ठेवणारी माणसे आहेत. खरे म्हणजे मोजून मिळालेल्या कोणत्याही आकड्यामागे या तीन गोष्टी असतातच. एरवी त्या दिसत नाहीत, इतकेच. मोटार-शर्यतींच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या नोंदी आज कोणालाही विनामूल्य मिळू शकतात आणि जगभरचे विद्यार्थी व संशोधक त्यांचा अभ्यास करतात. त्या नोंदी कशा घडल्या, खुल्या कशा झाल्या आणि त्या वाचताना कोठे ठेच लागते, ते या लेखात पाहू.

पहिला पोचला, पण पहिला आला नाही

मोटारी नव्या होत्या तेव्हा त्या चालतात तरी का, हेच लोकांना पाहायचे होते. २२ जुलै १८९४ रोजी ‘ल पती जुर्नाल’ या फ्रेंच वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी सुमारे सव्वाशे किलोमीटरची चाचणी भरवली. सर्वांत आधी पोचले ते काउंट द दियाँ यांचे वाफेवर चालणारे वाहन. पण पहिले बक्षीस त्यांना मिळाले नाही. वाहन सुरक्षित, हाताळायला सोपे आणि स्वस्तात चालणारे हवे, अशी अट होती. आणि या वाफेच्या वाहनाला तर भट्टीत इंधन घालायला वेगळा माणूस लागत होता. पहिले बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या पूजो आणि पानहार्ड-लव्हासॉर या दोन कंपन्यांना विभागून दिले गेले.

पुढच्याच वर्षी, जून १८९५ मध्ये, पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही ११७८ किलोमीटरची शर्यत झाली. एमिल लव्हासॉर ४८ तास ४८ मिनिटांत परत आला. म्हणजे ताशी सरासरी २४ किलोमीटर. त्याच्यामागचा स्पर्धक पोचायला आणखी जवळजवळ सहा तास लागले. तरीही पहिले बक्षीस लव्हासॉरला नाही, कारण त्याची मोटार दोन आसनांची होती आणि नियम चार आसनांचा होता.

म्हणजे अगदी पहिल्या दोन वर्षांतच एक गोष्ट स्पष्ट झाली. वेळ ही एक नोंद आणि निकाल ही दुसरी नोंद. घड्याळाकडून निकालाकडे जाताना वाटेत नियम उभा असतो. पुढे ज्यांनी ज्यांनी या नोंदींचे तक्ते बनवले, त्यांना या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत मांडाव्या लागल्या.

१९०६ साली ल मां येथे ‘ग्रां प्री’ या नावाने गाजलेली फ्रान्सची पहिली मोठी शर्यत झाली. १०३ किलोमीटरची एक फेरी, अशा १२ फेऱ्या, दोन दिवसांत. रेनो मोटार चालवणारा फेरेन्स सिस १२ तास १४ मिनिटांत १२३८ किलोमीटर धावून जिंकला आणि दुसऱ्याला त्याने सुमारे ३२ मिनिटांनी मागे टाकले. इतके अंतर असताना साधे खिशातले घड्याळ पुरे होते. सेकंदाच्या भागांची गरज कोणालाच नव्हती.

सेकंदाचे तुकडे

गरज निर्माण झाली ती मोटारी एकमेकींच्या जवळ आल्यावर. पूर्वी सुरुवातीला कोणी पुढे उभे राहायचे हे बहुधा चिठ्ठ्या टाकून ठरे. १९३३ च्या मोनाको ग्रां प्रीमध्ये सरावात नोंदलेल्या वेळेवरून जागा ठरवल्या गेल्या. आता एकेका फेरीची वेळ हीच कमाई झाली.

१९५० साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे त्याची पहिली शर्यत झाली. पहिल्या पाच क्रमांकांना ८, ६, ४, ३, २ असे गुण आणि शर्यतीतील सर्वांत जलद फेरीला एक जादा गुण, असा नियम होता. आता १९५४ कडे वळू. त्या वर्षी १७ जुलैला सिल्व्हरस्टोनलाच ब्रिटिश ग्रां प्री झाली. वेळ हाताने, पूर्ण सेकंदांत मोजली जात होती. सर्वांत जलद फेरी १ मिनिट ५० सेकंदांची निघाली. पण ती एकाची नव्हे, सात जणांची! गोन्सालेस, हॉथॉर्न, मारिमॉन, फान्जिओ, मॉस, अस्कारी आणि बेहरा. मग करायचे काय? एका गुणाचे सात वाटे केले गेले.

सातही जण खरोखर सारख्याच वेगाने गेले होते का? हिशेब करून पाहू. फेरीची लांबी ४.७११ किलोमीटर, ती ११० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३ मीटर. म्हणजे ज्या दोन मोटारींची वेळ ‘सारखी’ नोंदली गेली, त्यांच्यात एका फेरीअखेर जवळजवळ ४३ मीटरपर्यंत अंतर पडलेले असू शकते. चालक सारखे नव्हते. घड्याळाला फरक दिसत नव्हता.

१९७१ साली इटलीतील मोन्झा येथे पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला. पहिले पाच जण ०.६१ सेकंदात रेषेपार गेले. त्या शर्यतीचा सरासरी वेग ताशी २४२.६ किलोमीटर, त्या वेगाने एका शतांश सेकंदात मोटार सुमारे ६७ सेंटिमीटर जाते. १९५४ सारखे पूर्ण सेकंदांत मोजले असते तर या पाचांना वेगळे करणे घड्याळाला साधलेच नसते.

१९९७ पर्यंत मोजमाप सहस्रांश सेकंदावर आले होते. तरीही त्या वर्षी स्पेनमधील हेरेझ येथे पात्रता सत्रात जाक व्हिल्नव्ह, मिखाएल शूमाकर आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंट्झेन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी निघाली. ४.४२८ किलोमीटरची फेरी. एका सहस्रांश सेकंदात मोटार जाते साडेपाच सेंटिमीटर. या वेळी वाटे केले गेले नाहीत. ज्याने ती वेळ आधी नोंदवली तो पुढे, असा नियम होता. चाळीस वर्षांत घड्याळ हजारपट सूक्ष्म झाले, तरी बरोबरीचा प्रश्न सुटला नाही. तो सोडवायला शेवटी नियमच लागला.

मग दशसहस्रांश का मोजू नये? अमेरिकेतील इंडिकार शर्यतींत तसे मोजतातही. पण सूक्ष्मतेला एक मर्यादा असते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर पोहण्याची एक शर्यत ०.००२ सेकंदाने ठरवली गेली. पुढे पोहण्यात पुन्हा शतांशावर यायचे ठरले. कारण तलावाच्या दोन पट्ट्यांची लांबी तितक्या काटेकोरपणे सारखी बांधता येत नाही. घड्याळ जितके सूक्ष्म, तितकेच बाकीचे सगळे सूक्ष्म असेल तरच त्या शेवटच्या आकड्याला अर्थ असतो. प्रयोगशाळेतही, मोजपट्टीने मोजलेल्या लांबीवरून काढलेले उत्तर गणकयंत्रावर दिसते म्हणून सात दशांश स्थळांपर्यंत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण हेच सांगत असतो.

कागदावरचे तक्ते

वेळ मोजण्याइतकेच अवघड काम होते ते कोण कितव्या फेरीवर आहे हे लक्षात ठेवण्याचे. यासाठी चौकटीचा मोठा कागद घेत. प्रत्येक फेरीला एक रकाना. मोटारी ज्या क्रमाने रेषेसमोरून जातील त्या क्रमाने त्यांचे क्रमांक खालोखाल लिहायचे. पंचवीस मोटारी आणि ऐंशी फेऱ्या म्हणजे दोन हजार नोंदी. त्याही तास-दोन तास नजर न हलवता. पिटमध्ये बसून हे काम करणाऱ्यांत चालकांच्या पत्नी आणि मैत्रिणी असत. त्यांच्या वह्यांना संघ फार मान देत.

ही पद्धत कोठे मोडते ते २३ सप्टेंबर १९७३ रोजी कॅनडातील मॉस्पोर्ट येथे दिसले. सुरुवातीला पाऊस होता, मग रस्ता वाळू लागला आणि टायर बदलण्यासाठी मोटारी एकामागून एक थांबू लागल्या. तेवढ्यात अपघात झाला आणि सगळ्यांचा वेग आवरण्यासाठी एक सुरक्षा-मोटार रस्त्यावर आणली गेली. तिने सर्वांत पुढच्या मोटारीसमोर जायचे होते. ती गेली दुसऱ्याच मोटारीसमोर. काही जणांना त्यामुळे एक फेरी फुकट मिळाली. शर्यत संपली तरी जिंकले कोण हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. कित्येक तास तक्ते पडताळून झाल्यावर पीटर रेव्हसन विजेता ठरला.

आज प्रत्येक मोटारीत एक छोटे रेडिओ-उपकरण असते आणि रस्त्याखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते. मोटार वरून गेली की उपकरणाचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक आणि वेळ आपोआप नोंदली जाते. फेरीचे तीन भाग करून प्रत्येकाची वेगळी वेळही मिळते. वहीतल्या दोन हजार नोंदी आता यंत्र करते. मात्र कोणती नोंद निकालात धरायची, हे अजूनही नियमपुस्तक आणि पंच ठरवतात.

कुलूपबंद आणि खुले

यंत्राने नोंदी वाढल्या, तशा त्या दोन गटांत विभागल्या. एक गट संघांचा खाजगी. आजच्या फॉर्म्युला वन मोटारीत सुमारे ३०० संवेदक असतात. टायरचे तापमान, तेलाचा दाब, ब्रेकवरचा जोर अशी माहिती ते सतत पाठवत असतात. ही माहिती संघ जिवापाड जपतात. २००७ साली फेरारी संघाची गुप्त तांत्रिक कागदपत्रे मॅक्लारेन संघातील माणसाकडे सापडली, तेव्हा मॅक्लारेनला तब्बल १० कोटी डॉलर दंड झाला. आकड्यांचे मोल किती, याचा हा एक हिशेब.

दुसरा गट निकालांचा: क्रमांक, वेळा, गुण, थांबे. हे तर सर्वांसमोर घडते आणि वृत्तपत्रांत छापूनही येते. पण छापलेली माहिती आणि अभ्यासता येईल अशी माहिती यांत फरक आहे. शाळेच्या कपाटात पन्नास वर्षांचे निकाल गठ्ठ्यांनी पडलेले असतात. परंतु ‘गणितात पहिल्या आलेल्या मुलींचे प्रमाण कसे बदलले?’ असे कोणी विचारले तर त्या गठ्ठ्यांतून उत्तर काढायला महिने लागतील. त्या नोंदी एकाच पद्धतीच्या तक्त्यांत, एकमेकांशी जोडून, संगणकाला वाचता येतील अशा मांडल्या तर तेच उत्तर मिनिटात मिळेल.

मोटार-शर्यतींसाठी हे काम ‘अर्गास्ट’ या नावाच्या माहितीसाठ्याने केले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही सोय कोणा कंपनीची किंवा शर्यतींच्या नियामक संस्थेची नव्हती. एका व्यक्तीने हौसेने उभी केलेली होती. १९५० पासूनचे सगळे निकाल, १९९६ पासूनच्या शर्यतींतील प्रत्येक फेरीची वेळ, २०११ पासूनचे पिटमधले थांबे, असे सारे त्यात होते. व्यापारी उपयोग सोडून कोणीही ते घ्यावे, कोणाची परवानगी मागू नये.

यात बारकाईचे काम किती होते ते एका उदाहरणावरून कळेल. ‘हिल’ नावाचे तीन विजेते चालक होऊन गेले. ग्रॅहम आणि डेमन हे बापलेक. फिल हिल हा अमेरिकेचा, त्यांचा नातेवाईकही नव्हे. शूमाकर तर दोघे सख्खे भाऊ. ‘लोटस’ हे नाव १९५८ पासून १९९४ पर्यंत एका संघाचे होते, आणि २०१० नंतर वेगळ्याच मालकांच्या संघांनी ते पुन्हा लावले. नुसते नाव पाहून बेरीज करणारा संगणक या सगळ्यांचे एकत्र कडबोळे करील. म्हणून प्रत्येक चालकाला व प्रत्येक संघाला स्वतंत्र ओळख द्यावी लागते. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा नोंदणी क्रमांक असतो, कारण एका वर्गात दोन ‘सुनील पाटील’ असू शकतात. तोच हा विचार.

नोंदी खुल्या असल्याचा आणखी एक फायदा झाला. वापरणाऱ्यांना चूक सापडली की ते कळवत आणि ती दुरुस्त होई. कपाटातल्या वहीत पडलेली चूक वर्षानुवर्षे तशीच राहते. हजार जण वाचतात त्या वहीतली चूक फार दिवस लपत नाही.

पण हौसेने चाललेल्या कामाला एक मर्यादा असते. २०२४ च्या हंगामाअखेर ही सोय बंद होणार असे जाहीर झाले आणि पुढे ती बंद झाली. अनेकांचे कार्यक्रम, प्रबंध आणि वर्गातले पाठ तिच्यावर उभे होते. तरीही नोंदी नाहीशा झाल्या नाहीत. त्यांच्या प्रती आधीच अनेकांकडे होत्या. त्यांतून ‘जोल्पिका’ नावाचा, अनेक स्वयंसेवकांनी मिळून चालवलेला नवा साठा उभा राहिला. त्याची मांडणी मुद्दाम जुन्यासारखीच ठेवली गेली. ‘फास्ट-एफ-वन’ या दुसऱ्या विनामूल्य साधनाने २०१८ पासूनच्या शर्यतींतील वेग, गिअर, ब्रेक अशी मोटारीची काही माहितीही उपलब्ध करून दिली. हे उद्योग अनधिकृत आहेत. शर्यतींचे व्यापारी हक्क असलेल्या कंपनीचा त्यांच्याशी संबंध नाही. मूळ नोंदींचा नळ त्या कंपनीच्या हाती आहे, हेही विसरून चालणार नाही.

चालक मोठा की मोटार?

हे सगळे साठवून मिळाले काय? एक जुना वाद घेऊ. जिंकतो तो चालक की त्याची मोटार? चहाच्या टपरीवर या वादाचा निकाल लागत नाही, कारण चांगल्या चालकाला चांगली मोटार मिळते आणि दोन्हींचा परिणाम एकाच आकड्यात मिसळून जातो.

तो वेगळा करण्याची युक्ती सोपी आहे. एका संघाच्या दोन मोटारी जवळजवळ सारख्या असतात. म्हणून एकाच संघातील दोन चालकांमधला फरक हा बराचसा चालकांचा फरक. शिवाय चालक संघ बदलतात. आलँ प्रॉस्ट १९८४ व १९८५ मध्ये निकी लाउडाचा आणि १९८८ व १९८९ मध्ये आयर्टन सेनाचा मॅक्लारेनमधला सहकारी होता. लाउडा आणि सेना कधीच एका संघात नव्हते. पण प्रॉस्टच्या मध्यस्थीने त्यांची तुलना करता येते. अशा शेकडो दुव्यांची साखळी करून वेगवेगळ्या काळातले चालकसुद्धा जोडता येतात. मात्र साखळी लांबली की प्रत्येक दुव्यातली थोडी थोडी अनिश्चितता साचत जाते.

इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठातील अँड्र्यू बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली १९५० ते २०१४ पर्यंतच्या निकालांवर असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबात संघाचा वाटा सुमारे ८६ टक्के आणि चालकाचा उरलेला निघाला. चालकांमध्ये फान्जिओ पहिला आणि प्रॉस्ट दुसरा आला. नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी २०२३ साली २०१४ ते २०२१ या काळातल्या निकालांवर वेगळ्या पद्धतीने काम केले. संघाचा वाटा सुमारे ८८ टक्के आला. दोन पद्धती, दोन कालखंड, आणि उत्तरे इतकी जवळ. हे निकाल पडताळणे कोणालाही शक्य आहे, कारण आकडे खुले आहेत. विज्ञानात ‘आम्ही सांगतो म्हणून’ याला किंमत नसते. ‘तुम्ही करून पाहा’ याला असते.

म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ ते २०१९ च्या शर्यतींच्या नोंदी जमवून संगणकावर शर्यतीचे प्रारूप तयार केले. फेरीगणिक इंधन जळून मोटार हलकी होते म्हणून वेळ घटते; टायर झिजतो म्हणून वेळ वाढते. घड्याळ आपल्याला फक्त या दोन्हींची गोळाबेरीज दाखवते. शिवाय अपघात, सुरक्षा-मोटार, थांब्यात गेलेले जादा सेकंद ही नशिबाची बाजू. म्हणून तीच शर्यत संगणकावर हजारो वेळा, दर वेळी जणू नवे फासे टाकून धावून पाहायची आणि कोणता बेत अधिक वेळा फळतो ते मोजायचे. ही रीत पुढे कोणीही वापरावी म्हणून त्यांनी आपले कार्यक्रम आणि नोंदीही खुल्या केल्या.

तक्त्यातले खाचखळगे

आकडे हाती आले म्हणजे अर्थ हाती आला, असे मात्र नाही. काही उदाहरणे पाहू.

१९ जून २००५ रोजी इंडियानापोलिस येथे कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला ५ गुण मिळाले. तक्त्यात ‘४’ दिसतो. पण टायरच्या सुरक्षिततेच्या प्रश्नावरून त्या दिवशी वीसपैकी चौदा मोटारी शर्यत सुरू होण्यापूर्वीच बाजूला झाल्या होत्या. धावल्या फक्त सहा. त्याचा दोष कार्तिकेयनला देता येत नाही, तसेच तो ‘४’ इतर चौथ्या क्रमांकांसारखा मानताही येत नाही.

१९८८ साली प्रॉस्टने ७ शर्यती जिंकल्या आणि ७ वेळा दुसरा आला. विजयाला ९ आणि दुसऱ्या क्रमांकाला ६ गुण, एकूण १०५. सेनाचे ८ विजय, ३ दुसरे क्रमांक, एक चौथा व एक सहावा, एकूण ९४. तरी विजेता सेना! कारण सोळापैकी उत्तम अकराच निकाल धरायचे, असा तेव्हा नियम होता. त्या हिशेबाने सेनाचे ९० आणि प्रॉस्टचे ८७ झाले. आता २०१० पासून लागू झालेले गुण (पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, चौथ्याला १२, सहाव्याला ८) लावून सगळे निकाल धरले, तर प्रॉस्ट ३०१ आणि सेना २७४. पण यावरून ‘खरा विजेता प्रॉस्ट’ असे म्हणता येईल का? नियम वेगळा असता तर दोघांनी मोटारी वेगळ्या रीतीने चालवल्या असत्या. परीक्षेची पद्धत बदलली की मुले अभ्यासही वेगळा करतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

१९८४ साली मोनाकोची शर्यत पावसामुळे मध्येच थांबवली गेली आणि सर्वांना अर्धे गुण मिळाले. विजेत्या प्रॉस्टला ९ ऐवजी ४.५ मिळाले. वर्षाअखेर लाउडा ७२ आणि प्रॉस्ट ७१.५. अर्ध्या गुणाने अजिंक्यपद गेले.

मोटारीच्या वेगाच्या खुल्या नोंदींतही सावध राहावे लागते. त्या सेकंदाला सुमारे चार वेळा घेतलेल्या असतात. ताशी ३०० किलोमीटर वेगाने मोटार पाव सेकंदात सुमारे २१ मीटर जाते. तेव्हा ‘अमुक चालकाने तमक्यापेक्षा पाच मीटर उशिरा ब्रेक दाबला’ असे त्या दोन ओळींवरून ठामपणे म्हणता येणार नाही. १९५४ चे घड्याळ ४३ मीटरच्या आत पाहू शकत नव्हते. ही नोंद २१ मीटरच्या आत पाहू शकत नाही. साधन बदलले, प्रश्न तोच आहे.

वर्गासाठी

आता सुरुवातीच्या ९/१४ चा उलगडा करू. हॉथॉर्नचे १९५४ मधले गुण असे: बेल्जियममध्ये चौथ्या क्रमांकाचे ३ गुण एकाच मोटारीतल्या दोन चालकांत विभागून १ पूर्णांक १/२, इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे ६ आणि जलद फेरीचा १/७, जर्मनीत ६ गुण विभागून ३, इटलीत ६, स्पेनमध्ये विजयाचे ८. पूर्ण गुणांची बेरीज २४. उरले १/२ आणि १/७. छेद सारखे केले की ७/१४ अधिक २/१४, म्हणजे ९/१४. समच्छेद कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे गणित जरूर घालावे.

त्याच गणिताचा दुसरा भाग आजच्या काळातला. संगणकाच्या तक्त्यांत ही गुणसंख्या २४.६४ अशी, आणि एकसप्तमांश ०.१४ असा लिहिलेला असतो. सात चालकांचे ०.१४ मिळवले तर ०.९८ होतात. एका गुणातले दोन शतांश कोठे गेले? कोणी घेतले नाहीत. नोंद करताना सांडले. ज्या विद्यार्थ्याला हे कारण सांगता येईल, त्याला आवर्ती दशांश समजले असे खुशाल समजावे.

तिसरा प्रयोग मैदानावरचा. एका मुलाला शंभर मीटर धावायला सांगावे आणि पाच जणांनी घड्याळे लावून त्याच एका धावेची वेळ मोजावी. पाच वेळा बहुधा सारख्या येणार नाहीत. त्या पाचही फळ्यावर लिहाव्यात, एकही पुसू नये. मग वर्गाला विचारावे: दुसरा मुलगा एक दशांश सेकंदाने पुढे आला तर आपण त्याला पहिला म्हणू का? किती फरक पडला तर म्हणू? यावर जी चर्चा होईल ती मापनातील त्रुटीवरच्या धड्यापेक्षा अधिक काळ लक्षात राहील.

ज्या शाळेत संगणक आणि इंटरनेट आहे, तिथल्या विद्यार्थ्यापुढे आज तेच तक्ते उघडू शकतात जे शेफिल्डच्या किंवा म्युनिकच्या संशोधकापुढे असतात. ही समता आपोआप आलेली नाही. कोणी तरी पाऊणशे वर्षांचे निकाल पानापानांतून उचलून रकान्यांत बसवले, दोन शूमाकर वेगळे केले, चुका दुरुस्त केल्या आणि मग कुलूप न लावता दार उघडे ठेवले. ते थकले तेव्हा दुसऱ्यांनी ती वही पुढे नेली. आपल्या शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, गावातल्या विहिरीच्या पातळ्या, दर वर्षी आंब्याला मोहोर आला त्या तारखा यांचीही अशी वही होऊ शकते. त्यासाठी तीन गोष्टी पाळाव्यात: आकडा कोणत्या साधनाने मोजला ते लिहावे, कोणत्या नियमाने धरला ते लिहावे, आणि वहीची एक प्रत दुसऱ्याच्या हाती द्यावी.